काकांचा बेंजो: आवाज नक्की कशात असतो?

लग्नाच्या वरातीत टाईपरायटरसारखी बटणं दाबत वाजवतात तो बेंजो तुम्ही पाहिला असेलच. आमचे नात्यातले एक काका बारामती-इंदापूर भागात बरीच वर्षं तो वाजवतात. त्यांच्या बेंजोत मूळचं फारसं काही उरलेलं नाही. फळीला खालून प्लायवूड ठोकलंय, बटणांच्या स्प्रिंगा बदलल्यात आणि पिकअप तर एका मोडक्या इलेक्ट्रिक गिटारमधून काढून बसवलाय. दिवाळीत त्यांनी मला विचारलं, "खोका पार खिळखिळा झालाय. नवा केला तर आवाज हाच राहील का? सुपाऱ्या या आवाजावरच मिळतात रे."

माझी पीएचडी चुंबकीय सेन्सरवर आहे, त्यामुळे प्रश्न योग्य माणसाकडे आला होता!

आधी हे वाद्य समजून घेऊ. 1912 साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' बनवलं. त्याचाच आपल्याकडचा अवतार म्हणजे बुलबुलतरंग, ऊर्फ बेंजो. बटण दाबलं की तार धातूच्या पट्टीवर टेकते, कंप पावणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. दर बटणाला ही लांबी साधारण 5.6 टक्क्यांनी घटते. बारा बटणांनी ती निम्मी होते, म्हणजे वरचा सा. पट्ट्या आणि घोडी यांमधलं अंतर चुकलं, तर वाद्य बेसूर झालंच.

आता पिकअप. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, बस्स. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं होतं तेच हे. म्हणजे पिकअप हवेतला आवाज जवळजवळ ऐकतच नाही, तो तारेची हालचाल टिपतो. म्हणून पितळी तार लावली तर तो जवळपास मुका होतो.

तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. मोकळ्या तारेच्या बरोबर पाव लांबीवर पिकअप ठेवला, तर चौथा उपस्वर तिथे स्थिर असतो, त्यामुळे तो टिपलाच जात नाही. घोडीजवळ सरकवला की आवाज तिखट होतो. दोन सेंटिमीटरनेही फरक पडतो!

मग लाकडाचं काय? त्याचा वाटा कमी, पण शून्य नाही. खोका किती ऊर्जा शोषतो त्यावर स्वर किती वेळ टिकणार हे ठरतं.

म्हणून काकांना सांगितलं: खोका खुशाल बदला, पण पिकअप तोच ठेवा. घोडीपासूनचं आणि तारांपासूनचं त्याचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. गंजलेल्या तारा मात्र टाकून द्या, त्यांनीच आवाज बसका होतो.

तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, त्यामुळे घाई होती. जुन्या खोक्यावर एक चाल वाजवून घेऊन मी ती रेकॉर्ड करून ठेवलीय. नवा तयार झाला की तीच चाल पुन्हा वाजवायची आणि दोन्ही रेकॉर्डिंग काकांनी डोळे मिटून ऐकायची. कुठलं कुठल्या खोक्याचं, ते मी सांगणार नाहीये.