संत्र्याची साल आणि विद्राव्यतेचे गणित

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन त्यांचा नवा जिल्हा झाला. बाजारात मात्र या भागाची ओळख संत्र्यानेच आहे. रस काढला की साल उरते आणि त्या सालीत सुगंधी तेल, रंगद्रव्ये, फ्लेव्होनॉइड असा मौल्यवान ऐवज असतो. तो अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने काढता येईल, हा विचार आकर्षक आहे. पण यंत्राची किंमत विचारण्याआधी विद्राव्यतेचे गणित मांडले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या मार्गाने काय परवडेल, काय परवडणार नाही आणि काय निघणारच नाही, हे कळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ते गणित आहे.

तापमान ३१.१ अंश सेल्सियसच्या आणि दाब ७३.८ बारच्या वर गेला की कार्बन डायऑक्साइडमध्ये द्रव आणि वायू हा भेद उरत नाही; हीच अतिक्रांतिक अवस्था. पांढुर्ण्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा या वायूच्या पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्येही हीच अवस्था असते. हा प्रवाही वायूसारखा सालीच्या रंध्रांत शिरतो आणि द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. दाब उतरवला की विरघळलेला पदार्थ वेगळा होतो आणि मालात द्रावकाचा अंश राहत नाही. दाबाखालच्या अशा प्रवाहीत घन पदार्थ विरघळतात, हे हॅने आणि होगार्थ यांनी १८७९ मध्येच दाखवले होते. घन पदार्थाच्या नुसत्या बाष्पदाबावरून काढलेल्या अंदाजापेक्षा प्रत्यक्ष विद्राव्यता हजारो, कधी लाखो पट भरते. त्यामुळे साधा वायुनियम इथे उपयोगाचा नाही.

१९८२ मध्ये क्रास्तिल यांनी सुटसुटीत सूत्र दिले. विरघळणाऱ्या प्रत्येक रेणूभोवती प्रवाहीचे काही रेणू गोळा होतात, असे त्यांनी गृहीत धरले. त्यातून विद्राव्यता घनतेच्या एका घातांकाने वाढते, असे निघते, आणि तापमानाचे पद त्यात वेगळे येते. उदाहरणादाखल घातांक ५ धरू. ४० अंशांवर कार्बन डायऑक्साइडची घनता ८० बारला घनमीटरमागे सुमारे २७८ किलो असते, १०० बारला ६२९, २०० बारला ८४० आणि ३०० बारला ९१० किलो. म्हणजे ८० वरून १०० बारवर जाताना विद्राव्यता जवळजवळ साठ पट होते, पण २०० वरून ३०० वर जाताना जेमतेम दीडपट. तो शेवटचा शंभर बार मिळवायला जाड भिंतीचे पात्र लागते, मोठा पंप लागतो आणि विजेचे बिल वाढते. तापमानाचा परिणामही सरळ नाही. १०० बारला ४० वरून ६० अंशांवर गेले तर घनता ६२९ वरून २९० वर कोसळते आणि विद्राव्यताही घटते. ३०० बारला ती ९१० वरून ८३० पर्यंतच उतरते, आणि तिथे घन पदार्थाचा वाढलेला बाष्पदाब बाजी मारतो. तापवल्याने फायदा की तोटा, हे दाबावर ठरते. हे अंदाजाने सापडत नाही.

आता साल घ्या. तेलातले लिमोनीन १०० बारच्या आसपासच सहज मिसळते, पण ते दाबून किंवा वाफेनेही स्वस्तात मिळते. त्यासाठी महागडा संच कशाला? हेस्पेरिडिन या फ्लेव्होनॉइडच्या रेणूला शर्करा जोडलेली असते, त्यामुळे शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये ते जवळजवळ विरघळतच नाही. त्याला अल्कली आणि आम्लाची जुनी रीतच बरी. नोबिलेटिन आणि टँजेरेटिन हे फ्लेव्होनॉइड मात्र शर्करेविना असतात. थोडे इथेनॉल मिसळले तर ते या मार्गाने निघू शकतात. या संचाचा खरा विचार याच दोघांसाठी करावा लागेल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सूत्रे शुद्ध पदार्थासाठी असतात. सालीत पाणी, मेण, पेक्टिन आणि पेशींच्या भिंती आहेत. मान्य. पण संपृक्त विद्राव्यता ही ढोबळ कमाल मर्यादा असते आणि साल साधारणपणे तिच्या आतच माल देते. शुद्ध पदार्थासाठीच आकडा नगण्य येत असेल, तर सालीतून चमत्काराची आशा धरू नये. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ही सूत्रे म्हणजे मोजलेल्या बिंदूंवर बसवलेल्या रेषा, नव्या पदार्थाबद्दल त्या काय सांगणार? खरेच, मोजणीशिवाय त्या फारसे सांगत नाहीत. पण मोजणी झाल्यावर त्या तिची परीक्षा घेतात. मेंडेझ-सँटियागो आणि तेजा यांच्या १९९९ च्या पद्धतीत वेगवेगळ्या तापमानांची मापने एकाच रेषेवर यावी लागतात; न आलेले माप पुन्हा घ्यावे लागते. मोजणीसाठी आधारही हाताशी आहे. तेव्हा मुंबईच्या आयआयटीत असलेल्या ममता मुखोपाध्याय यांचे अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने काढलेल्या नैसर्गिक अर्कांवरचे पुस्तक २००० मध्येच आले आहे. शिवाय १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था (आता विद्यापीठ) आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था जवळच नागपुरात आहेत.

म्हणून पांढुर्णा-सौंसरच्या बागायतदारांना आणि त्यांच्या उत्पादक कंपन्यांना विनंती आहे. संचाचा प्रस्ताव घेऊन कोणी आले, तर आधी आपल्याच वाळवलेल्या सालीवरची, निदान तीन तापमानांची आणि चार-पाच दाबांची मापने मागा. ती दिल्याशिवाय सही करू नका.