यहुदी धर्मग्रंथांतील ‘जगाच्या अंता’ची संकल्पना आणि कोकणातील बेने इस्रायल परंपरा

प्रस्तावना :
जगाचा अंत ही कल्पना अनेक प्राचीन धर्मपरंपरांत आढळते. मराठीत तिचा विचार करताना ‘प्रलय’ किंवा ‘कयामत’ हे शब्द सहज योजले जातात. यहुदी धर्मग्रंथांच्या संदर्भात मात्र हे दोन्ही शब्द अपुरे ठरतात. महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा फरक केवळ ग्रंथांतूनच नव्हे, तर रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाच्या आचारांतूनही समजून घेता येतो. सदर लेखात या दोन्ही अंगांचा परामर्श घेतला आहे.

ग्रंथांतील भूमिका :
हिब्रू बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाच्या काळातील जलप्रलयाचे वर्णन येते. परंतु त्याच कथेच्या शेवटी, यापुढे जलप्रलयाने पृथ्वीचा नाश होणार नाही, असा करार परमेश्वर मानवाशी करतो. म्हणजेच यहुदी विचारात प्रलय ही भविष्यातील नव्हे, तर भूतकाळातील घटना आहे. भविष्यासाठी हिब्रूत ‘अहरीथ हयामीम’ हा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ ‘दिवसांची अखेर’ असा होतो. येथे ‘जगाची अखेर’ असे म्हटलेले नाही.

या अखेरच्या दिवसांचे चित्र सर्व ग्रंथांत एकसारखे नाही. यशया संदेष्टा तलवारींचे नांगराचे फाळ होतील आणि राष्ट्रे युद्धकला शिकणार नाहीत, असे सांगतो. यहेज्केलच्या ग्रंथात मागोग देशाच्या गोगाशी होणाऱ्या भीषण संग्रामाचे वर्णन आहे. दानिएलच्या ग्रंथात मृतांच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट उल्लेख येतो. या ग्रंथाला अंतिम रूप इ.स.पू. दुसऱ्या शतकात, अंतियोखस चौथा याने यहुदी धर्माचरणावर घातलेल्या बंदीच्या काळात मिळाले, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात. धर्मासाठी प्राण देणाऱ्यांना न्याय केव्हा मिळणार, हा प्रश्न तेव्हा तीव्र झाला होता. पुनरुत्थानाची श्रद्धा हे त्याचे उत्तर होते.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यानंतर मशीहाच्या आगमनाची प्रतीक्षा अधिक गहिरी झाली. तालमूदच्या सनहेद्रिन या भागात जगाचे आयुष्य सहा हजार वर्षांचे असल्याचे एक मत नोंदवलेले आहे. मात्र त्याच भागात अंतकाळाचे गणित मांडणाऱ्यांचा तीव्र निषेधही आहे. पुढे मायमोनिदीस (मृत्यू १२०४) याने मशीहाच्या काळातही सृष्टीचा नित्यक्रम बदलणार नाही, अशी भूमिका मांडली. त्याच्या मते बदलणार आहे ते माणसांचे जीवन : परक्यांची सत्ता, युद्धे व दुष्काळ संपतील आणि ज्ञानाला अवसर मिळेल.

एलियाहू हनाबी आणि मलिदा :
या प्रतीक्षेत एलिया संदेष्ट्याचे स्थान विशेष आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकानुसार तो मृत्यू न येता वावटळीतून स्वर्गात गेला. मलाखीच्या ग्रंथाच्या अखेरीस, परमेश्वराच्या महान व भयंकर दिवसापूर्वी तो परत येईल आणि वडिलांची मने मुलांकडे व मुलांची मने वडिलांकडे वळवील, असे सांगितले आहे.

बेने इस्रायल परंपरेनुसार त्यांचे पूर्वज कोकण किनाऱ्यावर नौगावजवळ जहाज फुटून आले. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा हा समाज ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेला. अलिबागजवळील खंडाळा परिसरातील एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवस फेडताना, लग्नप्रसंगी किंवा नव्या घरात प्रवेश करताना पोहे, गूळ किंवा साखर, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हनाबीचे स्मरण केले जाते. १८७४ साली पुण्यात हिब्रू मजकुरासह मराठी भाषांतर असलेला हग्गादा छापला गेला. वल्हांडणाच्या भोजनविधीत एलियासाठी ठेवला जाणारा पेला आणि ‘पुढील वर्षी जेरुसलेममध्ये’ ही आकांक्षा यांना अशा ग्रंथांमुळे मराठी शब्दांची जोड मिळाली.

युगान्ताची वर्दी देणारा संदेष्टा कोकणात असा घरचा पाठीराखा झाला. भीतीपेक्षा भरवसा हा या श्रद्धेचा गाभा ठरला.

परतीचा अनुभव :
१९४८ साली इस्रायलची स्थापना झाल्यावर या समाजातील अनेक कुटुंबांनी स्थलांतर केले. शास्त्रात युगान्ताशी जोडलेली मायदेशी परत जाण्याची घटना जणू प्रत्यक्षात उतरली. परंतु १९६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत वंशशुद्धीचा प्रश्न उपस्थित केला. तीव्र आंदोलनानंतर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत यहुदी म्हणून मान्यता दिली. भूमी लाभली, तरी मने जुळण्याचे काम शिल्लक होते. मलाखीच्या ग्रंथाने एलियाकडे सोपवलेले कार्य नेमके तेच आहे. आज भारतात हा समाज काही हजारांवर आला आहे. मात्र इस्रायलमध्येही मलिद्याची प्रथा टिकून आहे.

समारोप :
यहुदी ग्रंथांतील ‘अंत’ हा प्रामुख्याने अन्यायाच्या काळाचा अंत आहे. संग्राम व न्यायनिवाडा यांची भीषण वर्णने त्यात आहेत, परंतु त्यांच्या पलीकडे सृष्टी नाहीशी होण्याऐवजी माणसांचे परस्परसंबंध सुधारण्याची अपेक्षा आहे. त्यामुळे तुलनात्मक धर्माच्या अध्यापनात ‘प्रलय’ऐवजी ‘अखेरचे दिवस’ किंवा ‘युगान्त’ ही संज्ञा योजणे अधिक सयुक्तिक ठरेल. बेने इस्रायल समाजाच्या मलिद्याच्या ताटाचा अर्थही त्यामुळे विद्यार्थ्यांना नीट उलगडेल.