सामुराईंची शस्त्रे कशी पाहावीत?



शस्त्रांच्या दालनात शिरलेला माणूस काय करतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. किंबहुना आपणही तेच करतो. शिंगांचे शिरस्त्राण किंवा उग्र मिशांचा मुखवटा दिसला की तो थबकतो, "बापरे!" म्हणतो आणि पुढे सरकतो. तलवारींची रांग आली की त्याची चाल अधिकच वाढते. दहा पाहिल्या काय नि शंभर पाहिल्या काय, साऱ्या सारख्याच! बाहेर येईतो पाय दुखतात आणि पदरी काही पडलेले नसते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २००९ च्या ऑक्टोबरपासून २०१० च्या जानेवारीपर्यंत सामुराईंच्या शस्त्रांचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात दोनशेहून अधिक वस्तू होत्या आणि त्यांपैकी ३४ जपान सरकारने 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केलेल्या होत्या. प्रदर्शनाच्या नावातच ११५६ ते १८६८ असा काळ घातलेला होता. सातशे वर्षांचा हा पसारा पाहावा कसा? माझे उत्तर साधे आहे. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: तू कोणत्या कामासाठी घडलीस?

प्रथम जुन्या चिलखताला विचारू. जपानीत त्याला 'ओ-योरोई', म्हणजे मोठे चिलखत, म्हणतात. लोखंडाच्या आणि कच्च्या कातड्याच्या लहान लहान पट्ट्या, त्यांवर झाडाच्या चिकाचे रोगण, आणि त्या साऱ्या रेशमी दोऱ्यांनी एकमेकींत ओवलेल्या. खांद्यांवर दोन मोठे चौकोनी पडदे लोंबतात. ते कशासाठी? छातीवर गुळगुळीत मृगाजिन ताणून बसवलेले असते. ते तरी कशासाठी? उत्तर असे की, हा योद्धा घोड्यावरून बाण मारणारा होता. दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले; मग ढाल धरणार कोण? म्हणून ढाली खांद्यांवर आल्या. धनुष्याची दोरी पट्ट्यांत अडकू नये म्हणून छातीवर कातडे आले. सामुराई म्हणजे तलवार, असे आपण समजतो; पण त्याच्या धर्माचे जुने नाव 'धनुष्य आणि घोडा यांचा मार्ग' असे होते. हे आपल्याला ग्रंथ न उघडता ते चिलखतच सांगते.

आता तलवारीकडे वळू. आपल्या भाषेत पोलादाला 'पाणी देणे' असा प्रयोग आहे. जपानी लोहाराचे सारे कसब या पाणी देण्यात आहे. लोहमय वाळू कोळशाबरोबर भट्टीत घालून तो पोलाद काढतो. ते पुन्हा पुन्हा दुमडून घणाने ठोकतो. पंधरा वेळा दुमडले की तीस हजारांवर थर होतात! मग पात्यावर मातीचा लेप देतो: धारेवर पातळ, पाठीवर जाड. तापलेले पाते पाण्यात बुडवले की पातळ लेपाखालची धार झटकन निवते व अतिशय कठीण होते. पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. धार कापते, पाठ घाव सोसते. नुसते कठीण पाते तुटले असते, नुसते मऊ पाते वाकले असते. या दोहोंच्या सीमेवर, शिकलगाराने आठवडेच्या आठवडे दगडांवर घासल्यानंतर, एक धूसर पांढरी रेषा उमटते. तिला 'हामोन' म्हणतात. ही रेषा कुठे सरळ, कुठे लाटांसारखी असते. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयातील 'मिकाझुकी मुनेचिका' या तलवारीला तर या रेषेलगतच्या चंद्रकोरीसारख्या खुणांवरूनच नाव पडले आहे. मात्र ताठ उभे राहून ही रेषा दिसत नाही. गुडघे किंचित वाकवावेत, मान कलती करावी आणि दिव्याचे प्रतिबिंब पात्यावरून सरकू द्यावे. एकदा ती दिसली, की मग दोन तलवारी कधीच सारख्या वाटत नाहीत.

राहिली ती चित्रविचित्र शिरस्त्राणे. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर बंदुका घेऊन उतरले. याच पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले होते. गोळीपुढे ओवलेल्या पट्ट्या टिकेनात, म्हणून पत्र्यांची चिलखते आली. सैन्ये मोठी झाली, तेव्हा गर्दीत सरदार ओळखू यावा म्हणून शिरस्त्राणांना शिंगे, शिंपले, सशाचे कान चढले. पुष्कळदा आत साधी लोखंडी टोपी असते आणि वरचा डौल कागदाचा व रोगणाचा असतो! पुढे १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि तोकुगावांच्या राजवटीत, एक मोठे बंड सोडले तर, अडीचशे वर्षे शांततेत गेली. काचेआडची पुष्कळशी झगझगीत चिलखते या शांततेतली आहेत. त्यांनी मिरवणुका पाहिल्या, लढाया नव्हेत.

शेवटी, मुठीत जाणारा पात्याचा भाग अवश्य पाहा. तो गंजलेला असतो आणि जाणकार तो गंज कधीही काढीत नाहीत. कारण गंजाच्या रंगावरून पात्याचे वय कळते. तेथेच लोहाराचे नाव कोरलेले असते. काही पात्यांवर आणखी एक नोंद सोन्याने भरलेली आढळते: देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर ही तलवार चालवून पाहिली, आणि एका घावात किती देह कापले! त्या नाजूक लाटांवर मोहून गेलेल्या रसिकाने हेही वाचले पाहिजे. सौंदर्य खरे, आणि त्याचा हेतूही खरा. एकच पाहणारा अर्धा आंधळा होय.

मग ही शस्त्रे जपावीत तरी का? १८७६ मध्ये जपानी सरकारनेच सामान्यतः तलवार बाळगण्यास बंदी केली. १९४५ च्या पराभवानंतर परकीय सेनेने शस्त्रे जमा करविली आणि असंख्य तलवारी नष्ट झाल्या. तेव्हा काही जाणकारांनी जेत्यांना पटवून दिले की, उत्तम पाते ही कलाकृती आहे. आणि १९४८ मध्ये त्यांच्या जतनासाठी संस्था निघाली. आठशे वर्षांचे पाते आज झळकते, ते कुणीतरी पिढ्यान् पिढ्या ते पुसले, तेल लावले, दमट हवेपासून राखले म्हणून. मारण्यासाठी घडलेली वस्तू माणसांनी मारणे सोडल्यावरही जपली, यातच तिची खरी किंमत आहे.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी अशा दालनात गेलात तर शंभर वस्तू पाहू नका. तीनच पाहा, पण प्रत्येकीपुढे दहा मिनिटे उभे राहा, गुडघे वाकवा आणि तो एक प्रश्न विचारा.