कासवाच्या पाठीची निगा

शहरातून सुट्टीला आलेली मुले पुष्कळदा काचेच्या भांड्यातून एक लहानसे हिरवे कासव बरोबर आणतात. त्याच्या डोळ्यांमागे तांबडा पट्टा असतो. हे मूळचे उत्तर अमेरिकेतील पाणकासव होय. ते वाढू लागले म्हणजे त्याच्या पाठीवरून अभ्रकासारखे पातळ पापुद्रे सुटतात व घरात घबराट उडते. कोणी खोबरेल तेल चोळतो, कोणी नखाने पापुद्रे ओढतो. हे दोन्ही उपाय अपायकारक आहेत.

कवच हे कासवाने पांघरलेले घर नव्हे. ते त्याच्या शरीराचाच भाग आहे. पाठीचा कणा व फासळ्या हाडांच्या फळ्यांशी एकजीव झालेल्या असतात. त्यांवर माणसाची नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच केराटिनचे खवले बसविलेले असतात. कवचाला वेदना कळतात. पाणकासव वाढते तसा खालून नवा, मोठा खवला तयार होतो व जुना आपोआप गळतो. जमिनीवरील चांदणी कासवाचे जुने खवले मात्र गळत नाहीत. त्यांच्या कडेने कडी वाढत जातात. ही कडी मोजून वय सांगण्याची रीत भरवशाची नाही.

गळलेला पापुद्रा पातळ व पारदर्शक असावा आणि खालची पाठ टणक, गुळगुळीत व वासरहित असावी. असे असल्यास काही करू नये. पाठीवर खळगे पडणे, पांढरे मऊ चट्टे उठणे, दुर्गंधी येणे किंवा रक्त दिसणे हा कवच कुजण्याचा रोग समजावा व पशुवैद्यकाकडे जावे. पापुद्रे न गळता एकावर एक साचत असतील, तर बहुधा कासवाला अंग सुकविण्यास जागा मिळालेली नसते.

बहुतेक दोष ऊन व आहार यांचा असतो. उन्हातील अतिनील किरणांमुळे अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याखेरीज खाल्लेला चुना हाडांत मुरत नाही. हे किरण काचेतून पार होत नाहीत. म्हणून खिडकीच्या आत ठेवलेले भांडे उन्हात असूनही निरुपयोगी ठरते. नुसत्या भातावर किंवा मांसाच्या तुकड्यांवर वाढविलेल्या कासवाची पाठ बोटाने दाबली जाते व वेडीवाकडी होते. त्याला काट्यांसह लहान मासे, गोगलगाई व पाणवनस्पती द्याव्यात. पाण्याबाहेर चढण्यास कोरडा दगड व शेजारी सावली असावी, कारण उथळ भांड्यातील पाणी भर उन्हात तापून कासव मरते. पाणी वरचेवर बदलावे.

विहिरीतील व तळ्यातील आपले मऊ पाठीचे कासव निराळे आहे. त्याच्या हाडांवर खवल्यांऐवजी कातडी असते, व कडा स्वभावतःच मऊ असतात. तो रोग नव्हे. उन्हाळ्यात ते चिखलात गाडून घेते. तेव्हा नांगराच्या फाळाने किंवा विहिरीचा गाळ काढताना खोऱ्याने त्याची पाठ फुटते. अशा वेळी उकळून गार केलेल्या पाण्याने माती धुवावी आणि ओलसर स्वच्छ फडके घालून त्यास घमेल्यात सावलीत ठेवावे. भेग सिमेंटने किंवा डांबराने बुजवू नये, कारण आत राहिलेली घाण कुजते. त्याच दिवशी वनविभागास कळवावे.

हे कासव व चांदणी कासव बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. गावच्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट विहीरमालकांना समजावून द्यावी. पाणी निर्मळ राहावे म्हणून कासव आणून विहिरीत सोडण्याची चालही सोडावी. बांधीव विहिरीच्या उभ्या भिंतीवर त्याला उन्हाला चढता येत नाही.

तांबड्या पट्ट्याचे कासव नकोसे झाले तरी ते गावतळ्यात सोडू नये. ते दीर्घायुषी व खादाड असून देशी कासवांचे अन्न व उन्हाच्या जागा बळकावते. कोणतेही कासव हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात व लहान मुलांना त्यांची बाधा लवकर होते.