संगणकाच्या पोटात (भाग ९) : पांढऱ्या खोक्यातला बोर्ड

ऑगस्ट १९९९मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन हा प्रोसेसर बाजारात आणला. इंटेलच्या पेन्टियम थ्रीला वेगात मागे टाकेल अशी धमक त्याच्यात होती. पण प्रोसेसर एकटा काही करू शकत नाही, त्याला बसायला मदरबोर्ड लागतो, आणि एएमडीचं घोडं नेमकं तिथेच अडलं. तैवानमधल्या बोर्ड कंपन्यांचा बराचसा धंदा इंटेलच्या चिपसेटवर चालायचा. इंटेलची मर्जी फिरली आणि चिपसेटचा पुरवठा आटला तर काय, या धास्तीने भले भले मागे राहिले. आसुसने अ‍ॅथलॉनसाठी ‘के७एम’ हा बोर्ड बनवला, विकलाही; पण कोऱ्या पांढऱ्या खोक्यात. खोक्यावर कंपनीचं नाव नव्हतं.

उत्तम माल आणि त्यावर नाव टाकायची चोरी! मदरबोर्डच्या धंद्याची सगळी अडचण या एका प्रसंगात दिसते. वर इंटेल आणि एएमडी हे दोन धनी. कुठलं सॉकेट, कुठला चिपसेट, किती पिना, कुठली रॅम हे तेच ठरवणार. खाली गिऱ्हाईक, ज्याला चारपाच कंपन्यांचे बोर्ड शेजारी शेजारी ठेवले तर वरचं रंगकाम सोडून फारसा फरक दिसत नाही. चिपसेट सर्वांकडे तोच, त्यामुळे ठरावीक प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर जवळपास सारखाच पळतो. मग ‘मी आसुसवाला’, ‘मी गिगाबाइटवाला’ अशी निष्ठा जन्माला येते तरी कशी? ती येते, आणि चांगली घट्ट येते. तिच्यामागे काही ठोस कारणं आहेत.

आजचे मोठे खेळाडू जवळपास एकाच काळातले. एमएसआय आणि गिगाबाइट या दोन्ही कंपन्या १९८६मध्ये निघाल्या. एमएसआय काढणारे पाच जण सोनीत एकत्र काम केलेले. आसुस १९८९मधली, एसर सोडून बाहेर पडलेल्या चार इंजिनिअरांची. तेव्हा इंटेल नव्या प्रोसेसरचे नमुने आधी आयबीएमसारख्या बड्या कंपन्यांना द्यायची, तैवानची पाळी कित्येक महिन्यांनी यायची. आसुसच्या मंडळींनी नमुन्याची वाट न पाहता ४८६ प्रोसेसरसाठी बोर्ड बनवला आणि तपासून घ्यायला तो इंटेलकडे नेला. त्या वेळी इंटेलचा स्वतःचाच ४८६चा बोर्ड बिघाड दाखवत होता. आसुसच्या लोकांनी तो दोष शोधून दिला आणि त्यांचा बोर्ड मात्र व्यवस्थित चालला, अशी हकिकत आजही सांगितली जाते. त्यानंतर नमुने वेळेवर मिळू लागले. धन्याचा विश्वास आधी मिळाला आणि गिऱ्हाइकाचा मागून आला.

गिऱ्हाइकाचं प्रेम मात्र सर्वांत आधी आणि सर्वांत उत्कटपणे मिळवलं ते अबिटने. ही कंपनी आज अस्तित्वात नाही. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण बोर्डावरची निष्ठा कशावर पोसते आणि कशाने मरते, ते दोन्ही तिच्यात आहे.

नव्वदच्या दशकातला बोर्ड डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसरचा वेग ठरवायचा तर जंपर बदलावे लागत. जंपर म्हणजे उभ्या पिनांच्या जोडीवर चढवायची तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी. कुठल्या जोडीवर ती चढवली की काय होतं, याचा तक्ता बोर्डावरच बारीक अक्षरांत छापलेला असे. कॅबिनेट उघडायचं, केबल बाजूला सारायच्या, टॉर्च तोंडात धरून चिमट्याने टोपी उचलायची आणि ती खाली पडली की शोधत बसायचं. अबिटने ही कटकटच काढून टाकली. ‘सॉफ्टमेन्यू’ नावाची सोय त्यांनी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, दिली आणि वेग, गुणक, व्होल्टेज सगळं कीबोर्डवरून बदलता येऊ लागलं.

तेवढ्यात १९९८मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. स्वस्तातला, ३०० मेगाहर्ट्‌झचा. हा वेग म्हणजे बसचे ६६ मेगाहर्ट्‌झ गुणिले साडेचार. अबिटच्या बीएच६ बोर्डवर बस ६६ऐवजी १०० केली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झवर धावू लागे, आणि बहुतेक नग हा ताण बिनतक्रार सोसत. कित्येक पटींनी महाग असलेल्या पेन्टियम टूच्या तोडीचं काम बायोसमधल्या दोन ओळी बदलून मिळू लागलं. पुढच्याच वर्षी अबिटने ‘बीपी६’ काढला. त्यावर दोन सॉकेट होती आणि दोन साधे सेलेरॉन काहीही मोडतोड न करता एकत्र चालत. दोन प्रोसेसर ही महागड्या सर्व्हरची मिरास समजली जायची. सेलेरॉनने ते करावं, असं इंटेलच्या मनातही नव्हतं. विंडोज ९८ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे, म्हणून लोक विंडोज एनटी किंवा लिनक्स टाकत. इंटेलने सेलेरॉनच्या पुढच्या पिढीत ही वाट बुजवून टाकली. पण ज्याने घरच्या टेबलावर दोन प्रोसेसर चालवले, तो अबिटचा झाला तो झालाच.

ही निष्ठा भाबडी नव्हती. कंपनीने गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी दिलं होतं, जे तिच्या स्पर्धकांनी दिलं नव्हतं.

आणि मग कपॅसिटर फुगले. साधारण १९९९ ते २००३च्या दरम्यान बनलेल्या असंख्य बोर्डांवर, प्रोसेसरच्या आसपास उभ्या असलेल्या छोट्या डब्यांची डोकी वर येऊ लागली. या डब्याच्या माथ्यावर फुलीच्या किंवा ‘के’च्या आकाराची खाच मुद्दाम पाडलेली असते, आत दाब वाढला तर वायू तिथून निघावा म्हणून. चांगल्या डब्याचा माथा नाण्यासारखा सपाट. बिघडलेल्याचा घुमटासारखा, खाचेतून तपकिरी चिकट द्रव झिरपून सुकलेला. संगणक आधी अधूनमधून अडकतो, मग आपोआप रीस्टार्ट होतो आणि एके दिवशी सुरूच होत नाही. आतलं इलेक्ट्रोलाइट सदोष होतं. जपानी कंपनीचं सूत्र चोरताना ते अर्धवटच हाती लागलं आणि त्यातून हे घडलं, असं तेव्हा छापून आलं होतं. चोरीचा तपशील काहीही असो, वायू तयार होऊन डबे फुटत होते हे खरं. डेल आणि अ‍ॅपलसारख्यांनाही त्याची झळ बसली. बोर्ड कंपन्यांपैकी अबिटला हा फटका वर्मी बसला, कारण तिचं गिऱ्हाईक बोर्डाला ताणून वापरणारं होतं. २००४च्या अखेरीस हिशेबातल्या गोंधळामुळे तैवानच्या शेअर बाजाराने तिच्यावर कारवाई केली, २००६मध्ये मदरबोर्डचा धंदा आणि नाव युनिव्हर्सल सायंटिफिक इंडस्ट्रियल या कंपनीकडे गेलं आणि ३१ डिसेंबर २००८ला दुकान बंद झालं.

दरम्यान एक वेगळी गोष्ट घडली होती. अबिटच्या एनएफ७-एस या लोकप्रिय बोर्डामागचा इंजिनिअर ऑस्कर वू डीएफआय या कंपनीत गेला. डीएफआय तोवर शौकिनांच्या खिजगणतीत नव्हती. वू गेल्यावर तिचे ‘लॅनपार्टी’ मालिकेतले बोर्ड, विशेषतः एनफोर्स ४ चिपसेटवरचे, ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणाऱ्यांच्या, गळ्यातले ताईत झाले. लोकांनी झेंडा बदलला, तो माणूस पाहून. काही वर्षांत डीएफआयनेही घरगुती बोर्ड सोडून औद्योगिक संगणकांची वाट धरली. शौकिनांची संख्या आवाजाने मोठी आणि खरेदीने लहान असते. त्यांच्या जिवावर कारखाना चालत नाही, हे दोन्ही कंपन्यांनी दाखवून दिलं.

कपॅसिटरच्या प्रकरणाने उरलेल्या कंपन्यांना मात्र भांडायला नवं मैदान दिलं: टिकाऊपणा. गिगाबाइटने ‘अल्ट्रा ड्युरेबल’ हे नाव घेऊन घन कपॅसिटर आणि पुढे दुप्पट तांब्याचा थर यांचा डांगोरा पिटला. त्यांचा ड्युअल बायोसही याच वृत्तीतला. एक बायोस बिघडला तर दुसरा तयार. आसुसने २००६मध्ये ‘रिपब्लिक ऑफ गेमर्स’ काढून शौकिनांना वेगळं घर दिलं आणि पुढे ‘टफ’ मालिकेला पाच वर्षांची वॉरंटी जोडली.

खरी चुरस प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात लागली. पॉवर सप्लायकडून (एसएमपीएस) १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतं साधारण एक-सव्वा व्होल्ट, पण प्रवाह शंभर अँपिअरच्या वर जाऊ शकतो. हे रूपांतर सॉकेटच्या कडेने मांडलेले मॉसफेट, चोक आणि कपॅसिटर करतात. त्यांच्या एकेका संचाला ‘फेज’ म्हणतात. काम जास्त संचांत वाटलं की प्रत्येकावर उष्णता कमी येते. इथवर सगळं रास्त. पण फेज मोजता येतात, म्हणून त्या जाहिरातीत शिरल्या. आठ, बारा, सोळा करत २००९मध्ये गिगाबाइटने २४ फेजचा बोर्ड आणला. कंट्रोलर चिप मुळात मोजक्याच फेज चालवते. बाकीच्या बऱ्याचदा तिच्याच संकेताची वाटणी करून उभ्या केलेल्या असतात, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. आठ दणकट फेज सोळा किरकोळ फेजना सहज भारी पडतात.

भांडणं उघडही झाली. २००८मध्ये गिगाबाइटने आसुसच्या वीजबचतीच्या चिपवर जाहीर शंका घेतली आणि प्रकरण कायदेशीर कारवाईच्या भाषेवर गेलं. त्याच दोघांनी दोनच वर्षं आधी, ऑगस्ट २००६मध्ये, संयुक्त कंपनी काढायची घोषणा केली होती. ती २००७मध्येच बारगळली. २०११मध्ये एमएसआयने गिगाबाइटवर तोफ डागली. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीसाठी आपले सुमारे ४० बोर्ड तयार असल्याचं गिगाबाइटने जाहीर केलं होतं. त्यांतल्या बहुतेकांवर त्या वेगाला लागणाऱ्या स्विच चिपच नाहीत, असं एमएसआयने तपशीलवार मांडलं. ज्या प्रोसेसरमुळे ही सोय वापरता येणार होती, तो आयव्ही ब्रिज एप्रिल २०१२मध्ये आला. तोवर ज्यांनी केवळ त्या स्टिकरसाठी पैसे मोजले, त्यांच्या हाती काहीच नव्हतं. अशा भांडणातून गिऱ्हाइकाचा फायदा मात्र होतो. प्रतिस्पर्ध्याचं खोकं उघडून आतला एकेक भाग मोजणारा माणूस दुसऱ्या कंपनीतच बसलेला असतो.

एएसरॉकची चाल वेगळी. २००२मध्ये आसुसनेच स्वस्त बाजारासाठी ती उभी केली, पुढे ती पेगाट्रॉनच्या छत्राखाली गेली. तिचं वेगळेपण जुन्या-नव्याची सांगड घालण्यात होतं. ‘७७५ड्युअल-व्हीएसटीए’ या बोर्डावर डीडीआर आणि डीडीआर२ अशा दोन्ही रॅमचे स्लॉट आणि सोबत एजीपी व पीसीआय एक्स्प्रेस दोन्ही होते. कोअर २ ड्युओ घ्यायचा, पण रॅम आणि ग्राफिक्स कार्ड जुनंच ठेवायचं, अशा काटकसरी माणसासाठी तो वरदान होता.

आपल्याकडे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या असेंबल्ड पीसीच्या दुकानांत, निष्ठेची भाषा निराळी होती. तिथे विचारलं जाई, ‘ओरिजिनल इंटेल बोर्ड आहे का?’ म्हणजे इंटेलचा प्रोसेसर आणि बोर्डही इंटेलच्याच नावाचा. त्याखालोखाल आसुस, गिगाबाइट. आणि बजेट तोकडं असेल तर मर्क्युरी. गोव्यात वेर्ण्याला कारखाना असलेल्या स्मार्टलिंकचा डिजिलाइटही याच बाजारात होता. ‘ओरिजिनल’वरचा विश्वास इतका पक्का की आतला चिपसेट कुणी पाहत नसे. २००५च्या सुमारास आलेल्या इंटेलच्या डी१०१जीजीसी बोर्डावर तर चिपसेट एटीआयचा होता! जानेवारी २०१३मध्ये इंटेलने डेस्कटॉप बोर्ड बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि हा ‘ओरिजिनल’ संपला. निष्ठा मग चिपसेटच्या आकड्यांवर उरली. ‘९४५चा बोर्ड’, ‘जी३१’, ‘एच६१’ एवढंच दुरुस्तीवाला विचारतो. बनवणारा कोण, ते नंतर.

आज किरकोळ बाजारात आसुस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक हीच चार नावं ठळक आहेत, आणि त्यांच्यातला निवाडा बोर्ड बिघडल्यावर होतो. एप्रिल २०२३मध्ये रायझन ७०००च्या एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाले. रॅमचा वेग वाढवणारं एक्स्पो प्रोफाइल लावल्यावर बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने मग १.३ व्होल्टची मर्यादा घातली. आसुसने दुरुस्त बायोस दिला, पण बीटा आवृत्तीसोबत वॉरंटी हातची जाईल अशी तळटीप होती. दोष घालवायला बायोस टाकायचा आणि तो टाकला म्हणून वॉरंटी गमवायची, हा न्याय कुणालाच पटला नाही. गेमर्स नेक्सस या चॅनेलने तो विषय लावून धरला आणि मे महिन्यात आसुसला जाहीर करावं लागलं की बीटा बायोस आणि एक्स्पो दोन्ही वॉरंटीत धरले जातील.

बोर्ड घेताना म्हणूनच दोन गोष्टी आधी पाहाव्यात. एकाच नावाचा बोर्ड वेगवेगळ्या आवृत्त्यांत विकला जातो आणि आतले भाग बदललेले असू शकतात. गिगाबाइटच्या बोर्डावर हा ‘रेव्ह’चा आकडा कोपऱ्यात छापलेला सापडतो. आणि वॉरंटी साधारण तीन वर्षांची असली, तरी ती पाळणारं सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे, बोर्ड तिथे दुकानदार पाठवणार की आपल्याला न्यावा लागणार, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. पावतीवर बोर्डाचं पूर्ण नाव, आवृत्ती आणि सीरियल नंबर तिन्ही लिहून घ्यावेत.

पुढील भागात : पॉवर सप्लायवर छापलेले वॅट आणि खरोखर मिळणारे वॅट