इसब, अर्भकांतील
अर्भकाच्या त्वचेचा चिरकारी, पुनःपुन्हा उद्भवणारा व अतिशय खाजणारा शोथ (दाहयुक्त सूज). तो सांसर्गिक नाही. बहुधा पहिल्या वर्षातच गालांवर, कपाळावर व हातापायांच्या बाहेरील बाजूंवर लालसर, खरखरीत चट्टे उठतात. कधीकधी त्यांतून लस स्रवते. लंगोटाखालील भाग सहसा मोकळा राहतो.

या रोगाची प्रवृत्ती बहुतांशी आनुवंशिक असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाशी असलेला त्याचा संबंध २००६ मध्ये दाखविण्यात आला. अशा त्वचेतील पाणी उडून जाते व क्षोभक पदार्थ आत शिरतात.

रायगड जिल्ह्यातील मांडव्यासारख्या किनारी गावी उष्ण व दमट हवेत घामामुळे खाज वाढते आणि हे चट्टे घामोळे समजून पावडर लावली जाण्याचा संभव असतो. हवा दमट असली, तरी त्वचेला स्निग्ध मलमाची गरज असतेच.

बाळाला कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटे स्नान घालावे. साबण, डाळीचे पीठ वा उटणे यांनी अंग घासू नये. अंग टिपून ते ओलसर असतानाच गंधरहित मलम लावावे. कपडे सुती व सैल असावेत. नखे कापलेली ठेवावीत. स्टेरॉइडयुक्त मलम केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने व सांगितलेल्या मुदतीपुरते वापरावे; मात्र भीतीपोटी ते टाळल्यास खाज व निद्रानाश लांबतात. अधिहर्षता (ॲलर्जी) सिद्ध झाल्याविना बाळाचे वा मातेचे अन्न तोडू नये. त्यामुळे पोषणास बाध येतो. पू, पिवळसर खपल्या किंवा ताप आढळल्यास त्वरित वैद्यकीय उपचार करावेत. पुष्कळ मुलांत वयाबरोबर रोगाची तीव्रता कमी होते.