आडनांवांतील ‘वार’

लातूर जिल्ह्यांतील जळकोट हें गांव उदगीर आणि मुखेड यांच्या दरम्यान, बालाघाटाच्या डोंगराळ मुलखांत वसलेलें आहे. तेलंगणाची सीमा येथून फार दूर नाहीं. या बाजूच्या शाळेंतील हजेरीपट वाचूं लागलें कीं पाटील, देशमुख, कुलकर्णी, सूर्यवंशी या महाराष्ट्रभर परिचित असलेल्या आडनांवांच्या जोडीला गादेवार, नालमवार, कोंडावार, चिंतावार अशा घाटाचीं आडनांवें भेटतात. पुण्यामुंबईकडून नव्यानें आलेला मनुष्य येथें क्षणभर थबकतो आणि विचारतो, “आपण मूळचे कोठले ?” प्रश्न साधा दिसतो. परंतु ज्याच्या चार-पांच पिढ्या याच मातींत गेल्या, ज्याची बाराखडी मराठी आणि ज्याच्या घरांतील ओव्याही मराठी, त्याला आपल्याच गांवांत परका ठरविणारा हा प्रश्न बोंचल्यावांचून राहत नाहीं. म्हणून हें ‘वार’ काय आहे, तें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

मराठींत ‘वार’ अनेक आहेत आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. सोमवार-मंगळवारांतला वार निराळा, तलवारीचा वार निराळा, कापड मोजावयाचा वार निराळा. ‘उमेदवार’, ‘तपशीलवार’ या शब्दांच्या शेवटीं दिसणारा वार फारसींतून आलेला आहे. ‘पवार’ हें आडनांव तर वरवर पाहतां याच माळेंतलें वाटतें. पण त्याची परंपरा परमार या राजकुलाकडे जाते, त्यांत ‘प’ हें घराणें आणि ‘वार’ हा प्रत्यय अशी फोड करणें हास्यास्पद होईल. गादेवारांतील ‘वार’ यांपैकीं कोणताच नव्हे. तो तेलुगू भाषेंतील ‘वारु’ होय.

तेलुगूंत ‘वाडु’ म्हणजे ‘तो’ आणि ‘वारु’ म्हणजे ‘ते’. हें ‘ते’ अनेकांसाठीं जसें वापरतात, तसेंच एका मान्य पुरुषासाठींही वापरतात. आपण वडिलांविषयीं बोलतांना ‘ते आले’ म्हणतों, तशांतलाच प्रकार. घराण्याच्या नांवापुढें ‘वारु’ लावलें कीं ‘त्या घराण्याचे लोक’ असा आदरयुक्त अर्थ होतो. तेलंगणांत व आंध्रांत आजही लग्नपत्रिकेवर ‘अमुक वारि पेंड्लि पिलुपु’ असें छापतात. अर्थ असा कीं, अमुक घराण्याच्या लग्नाचें निमंत्रण. त्यांतला ‘वारि’ हें ‘वारु’चेंच षष्ठीचें रूप. मराठी बोलींत अशा शब्दांचा अंत्य ‘उ’ टिकत नाहीं. तो गळाला आणि ‘वारु’चा ‘वार’ झाला.

घराण्याचीं नांवें घडविण्याच्या तऱ्हा देशोदेशीं वेगवेगळ्या आहेत. स्कॉटलंडांत ‘मॅक’ म्हणजे मुलगा, म्हणून मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा पुत्र. आफ्रिकेंत केनियांतील गिकुयू लोकांच्या भाषेंत ‘वा’ म्हणजे ‘चा’. तेथील विख्यात लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या नांवाचा अर्थ ‘थिओंगोचा न्गुगी’ असा होतो. आपल्याकडील ‘कर’ गांव सांगतो. तेलुगू ‘वारु’ सांगतो तें संबंध घराणें, आणि तेंही मानानें.

आतां यांतील खरी मौज पुढेंच आहे. तेलुगूंत आडनांवास ‘इंटिपेरु’ म्हणतात. ‘इल्लु’ म्हणजे घर, त्याचें सामान्यरूप ‘इंटि’. ‘पेरु’ म्हणजे नांव. हें घरनांव व्यक्तीच्या नांवाच्या आधीं येतें. सर्वेपल्ली राधाकृष्णन् यांतील ‘सर्वेपल्ली’ किंवा पामुलपर्ती वेंकट नरसिंहराव यांतील ‘पामुलपर्ती’ हीं घरनांवेंच. लेखी नांवांत त्यांना ‘वारु’ जोडण्याचा प्रघात नाहीं. तो बोलण्यांतला मान आहे. मराठी मुलखांत ही मंडळी स्थायिक झाली तेव्हां दोन गोष्टी घडल्या. मराठी रीतीप्रमाणें घरनांव शेवटीं गेलें, आणि बोलण्यांतला मान लेखांत येऊन नांवाला कायमचा चिकटला. म्हणजे निजामाबादेकडे जें घराणें नुसतें ‘नालम’, तें नांदेडकडे ‘नालमवार’. शब्द तेलुगू खरा, परंतु आडनांव म्हणून त्याला आकार आला तो मराठींत. हीं आडनांवें परकीं मानणाऱ्यांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी.

‘वार’च्या आधींचा भाग कधीं गांवाचें नांव असतो, कधीं झाडाझुडपाचें, कधीं एखाद्या गुणाचें. तेलुगू जाणणाऱ्याच्या कानाला ‘कोंडावार’मध्यें कोंडा म्हणजे डोंगर, ‘चिंतावार’मध्यें चिंत म्हणजे चिंच, ‘मामिडवार’मध्यें मामिडि म्हणजे आंबा, ‘पेद्दीवार’मध्यें पेद्द म्हणजे थोर, ‘गादेवार’मध्यें गादे म्हणजे धान्याची कणगी ऐकूं येते. चिंतावार या नांवांत मराठी माणसास काळजी दिसते आणि तेलुगू माणसास चिंचेचें झाड दिसतें ! मात्र येथें आवरतें घ्यावें. शब्दाचा अर्थ लागला म्हणजे आडनांवाचा उगम सांपडला असें नव्हे. ‘बंडि’ म्हणजे गाडी आणि ‘बंड’ म्हणजे खडक. मग बंडेवारांचा पूर्वज गाडीवान होता कीं खडकाजवळ राहत होता? जुने कागद पाहिल्यावांचून याचा निकाल करणें हा शब्दांशीं खेळ झाला, संशोधन नव्हे. घरगुती व्युत्पत्त्यांनीं जितका आनंद होतो, तितकाच इतिहासाचा घात होतो.

त्यांतून कागदही सरळ नाहींत. हैदराबाद संस्थानांत १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागीं उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत, जोड व्यंजनाची खूणही पुष्कळदां गाळतात. तेलुगूंत तर ‘येर्र’ म्हणजे तांबडा यांतला दुहेरी ‘र’ महत्त्वाचा. अशा लिपींतून नांव पुन्हां देवनागरींत आलें म्हणजे एकाच आडनांवाचीं येर्रावार आणि येरावार, कोत्तावार आणि कोतावार अशीं रूपें होणें साहजिकच आहे.

या आडनांवांचा पसारा नांदेड आणि लातूरपुरता नाहीं. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतही तीं सर्रास आढळतात. जेथें जेथें मराठी व तेलुगू यांची शीव लागते, तेथें तेथें हें पीक आहे. कोंकणांत तें क्वचितच दिसेल. ‘वार’ म्हणजे कोमटी, असा एक समज आहे; तो अपुरा आहे. पेठेच्या गांवीं व्यापार करणारे कोमटी यांत पुष्कळ आहेत, परंतु विणकर, शेतकरी, दगडकाम करणारे अशा अनेक समाजांत हें आडनांव आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत ‘मन्नेरवारलू’ हें नांव आहे, त्यांत तर तेलुगू अनेकवचन ‘लू’सकट शाबूत राहिलें आहे. यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेल्यावर २० नोव्हेंबर १९६२ रोजीं महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले ते चांद्याकडचे मारोतराव कन्नमवार. अधिकारावर असतांनाच २४ नोव्हेंबर १९६३ रोजीं त्यांचें निधन झालें.

दक्षिणेस कानडी सीमेवर गेलें कीं ‘वार’ची बहीण भेटते. कानडींत ‘अवरु’ म्हणजे ‘ते’; त्यापासून बेळगांवकडील दोड्डण्णवर, चिक्कण्णवर अशीं नांवें झालीं. थोरल्या अण्णांचे ते दोड्डण्णवर, धाकट्यांचे ते चिक्कण्णवर. दोन्ही भाषा एकाच द्राविड कुळांतल्या, तेव्हां हें साम्य आश्चर्याचें नाहीं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं भाषावार प्रांतरचना झाली. बिदर जिल्ह्यांतून उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यांत आले. आदिलाबादेंतून किनवट आलें. उलट नांदेडांतील मुधोळ व भैंसा हा भाग आंध्रप्रदेशांत गेला. रेघ गांवांमधून गेली तशी ती भावकींमधूनही गेली. एका भावाच्या मुलांचें शिक्षण मराठींत झालें, दुसऱ्याच्या मुलांचें तेलुगूंत. एकाच्या दाखल्यावर आडनांव शेवटीं आणि ‘वार’सह, दुसऱ्याच्या दाखल्यावर तें आरंभीं आणि ‘वार’वांचून. अशा भावकींत वारसाचे किंवा जमिनीचे कागद जुळवावयाची वेळ आली म्हणजे हीं दोन्ही रूपें एकाच घराची आहेत हें कारकुनास आधीं पटवावें लागेल. आणि त्यासाठीं घरांतील वडीलधाऱ्यांना इंटिपेरु ठाऊक आहे तोंवर तें लिहून ठेवणें शहाणपणाचें आहे.